पंच्याऐंशी मिलिमीटर

हिरोसाकीत, बाजारपेठेच्या छपराखाली
माझं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान.
डावीकडच्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर
चार हिवाळे एक लेन्स बसून आहे.
पंच्याऐंशी मिलिमीटर, काळी,
वजनाला दोन मोठ्या सफरचंदांएवढी.

तिच्याबद्दल कुणी वाईट बोललेलं मी ऐकलेलं नाही.
मासिकांनी पानं भरभरून लिहिलं :
कडेपर्यंत धार, पापणीचा केस न् केस वेगळा,
मागचे दिवे लोण्यासारखे विरघळलेले.
कात्रणं मीच कापली, काचेला मीच चिकटवली.
त्यांचा कागद आता पिवळा पडलाय. लेन्स नाही.

गिऱ्हाईक येतं, बर्फ झटकतं, म्हणतं, बघू का?
आपल्या कॅमेऱ्याला लावतं, माझ्याच तोंडावर रोखतं
आणि पडद्यात पाहून गप्प होतं.
त्या गप्पपणासाठी मी दुकान उघडतो म्हटलं तरी चालेल.
मग लेन्स फिरवून नाव वाचतं.

आणि सुरू होतं, स्थळ बघायला आल्यासारखं.
मुलगी लाखात एक हो, पण घराणं?
माउंट जुळतो, गोत्र जुळत नाही.
उद्या कॅमेरावाल्यांनी सॉफ्टवेअर बदललं
आणि हिला ओळखच दिली नाही तर?
विकायला काढली तर निम्मे तरी येतील?
लग्नाच्या कामाला गेलो, आणि नवरीच्या काकानं पाहिलं
की पुढे सोनेरी कडं नाही, तर?
एकानं तर झाकण लावताना ‘टक्’ आवाज
जरा हलका येतो म्हणून ठेवून दिली.

मी कुणाला हसत नाही.
माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर सोनेरी कड्याचीच आहे.
दुप्पट किमतीची. हप्ते अजून चालू आहेत.

नोव्हेंबरात नारुमी तोशिए आली.
ती डोंगराकडच्या गावांतून म्हाताऱ्यांचे फोटो काढत फिरते,
ते फोटो, जे माणूस जिवंतपणी स्वतः निवडून ठेवतो
मागाहून काळ्या चौकटीत लागावेत म्हणून.
तिची लेन्स जिन्यावरून पडली होती,
आणि दुसऱ्या दिवशी सव्वीस जणं
समाजमंदिरात भांग पाडून बसणार होती.
म्हटलं, ही ने. भाडं राहू दे.
तिनं नावावर काळी पट्टी चिकटवली आणि नेली.

सोमवारी परत आणली, पट्टीसकट.
कुणी विचारलं का गं, कुठली म्हणून?
नाही, म्हणाली. एका आजोबांनी विचारलं,
दात लावून बसू की काढून.
मग घेतेस का? तर हसली.
तिची दुरुस्तीला गेली होती, मोठ्या कंपनीत,
येईलच म्हणाली पंधरा दिवसांत.

फेब्रुवारीत सफरचंदवाले कासाई गेले.
डाग पडलेली फळं मला निम्म्या भावात द्यायचे,
सुरीनं कापून दाखवायचे : बघ, आत काय आहे.
उदबत्ती लावताना मान वर केली
आणि खरं सांगतो, आधी ते नाही ओळखले मी,
आधी ओळखले त्यांच्या मागचे दिवे.
समाजमंदिरातल्या नळ्या, लोण्यासारख्या.
मग डाव्या भुवईवरची शिडीवरून पडल्याची खूण,
ओठाच्या कोपऱ्यात दाबलेलं काहीतरी,
बहुधा दातांबद्दलच.

लोक येत होते, वाकत होते, म्हणत होते,
आहेत तस्सेच.
मुलगा शेजारी उभा होता, सांगावंसं वाटलं त्याला
की ही माझ्या दुकानातली,
वरून दुसऱ्या फळीवरची.
जीभ अडली.
त्यानं विचारलं असतं, कुठल्या कंपनीची?
आणि मी, चार वर्षं रोज जे नाव घेत आलो ते,
त्या घरात, त्या धुरात,
खाल्या आवाजात घेतलं असतं.

पट्टी मी अजून काढलेली नाही.
किंमतही लिहिलेली नाही.
हल्ली गिऱ्हाईक तिला जरा जास्त वेळ हातात धरतं,
माझ्या तोंडाचा फोटो काढतं, गप्प होतं,
आणि मी बघत नाही असं पाहून
नखानं पट्टीचा कोपरा उचलू लागतं.